डेली काउंटरवरच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर, म्हणजे शिजवलेलं मांस, चीज आणि सॅलड वजनावर विकतात तिथे, आता आपली मंडळी बरीच दिसतात, आणि त्यातल्या पुष्कळांना उभं राहायला तुम्ही शिकवलंत. प्रशिक्षणाचा व्हिडिओ सगळेच बघतात. त्यात जे सांगत नाहीत, त्याबद्दल हे आभार. नव्यानं लागणाऱ्यांच्याही कामी यावं म्हणून पत्र उघडंच लिहितोय.

आधी काटा. गिऱ्हाईक औंसात मागतं आणि काटा पाउंडाचे दशांश दाखवतो. एका पाउंडाचे औंस १६, म्हणून ४ औंस म्हणजे ०.२५, ०.४० नव्हे. किलो-ग्रॅमवर वाढलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. ६ औंसाला ०.३८, १२ ला ०.७५, हे तुमचं कोष्टक अजून काट्याशेजारी चिकटलेलं आहे. बटाट्याचं सॅलड भरण्याआधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, नाहीतर गिऱ्हाइकाला बटाट्याच्या भावात प्लॅस्टिक विकल्यासारखं होतं.

‘पातळ’ म्हणजे किती, हे ज्याचं त्याचं वेगळं. चकत्या कापायच्या दोन मशीनवरचा (स्लाइसरवरचा) एकच आकडाही सारखी जाडी देईलच असं नाही. म्हणून पहिली चकती कागदावर धरून दाखवायची, होकार आला की पुढचं कापायचं. टर्की फार पातळ केली तर चुरा होतो. अमेरिकन चीज फ्रीजमधून काढल्या काढल्या कापायचं. बाहेर राहिलं की आधी पात्याला चिकटतं, मग चकत्या एकमेकींना.

खरे आभार मात्र स्लाइसर धुण्याच्या शिस्तीबद्दल. बटण बंद, जाडीचं चाक शून्यावर, मग प्लग काढायचा. यातलं चाक शून्यावर आणणं लोक विसरतात. चाक शून्यावर आणल्याशिवाय धार पट्टीआड जात नाही, आणि थांबलेलं पातंही बोट कापतं. हाताला कापरोधक मोजे हवेतच. फडकं पात्याच्या मधून कडेकडे न्यायचं, धारेच्या रेषेत कधीच फिरवायचं नाही. ट्रे, झाकण, ढकलणी सुटी करून साबण, पाणी, सॅनिटायझर या क्रमानं धुवायची आणि आपोआप सुकू द्यायची. घाईनं फडक्यानं कोरडी केली की धुतलेलं वाया. पात्यामागच्या खाचेत चरबी साचते, ती वरून बघून दिसत नाही. लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून सतत चालणारं मशीन दर चार तासांनी धुवायचं, समोर कितीही रांग असो. २०२४ मध्ये अमेरिकेत डेलीच्या मांसातून पसरलेल्या लिस्टेरियानं १० जण दगावले, तेव्हा ही कटकट कुणाला जास्त वाटली नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी स्लाइसर चालवायचा नाही आणि धुवायचाही नाही, हा इथला कायदा. धुण्याचं काम पोरांवर ढकलायला मॅनेजर बघतात. तिथे तुम्ही कधी नमलं नाहीत.

उघडलेल्या लोफवर (मांसाच्या अख्ख्या ठोकळ्यावर) सात दिवसांची तारीख टाकताना उघडल्याचा दिवस पहिला धरायचा. सोमवारी उघडलं तर रविवार शेवटचा, तोही ४१ अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली ठेवलं असेल तरच.

आणि आपली शाकाहारी गिऱ्हाइकं. ‘चीजचं मशीन वेगळं आहे का?’ याला ‘आत्ताच पुसलंय’ हे उत्तर नव्हे. मशीन एकच असेल तर तसं सांगायचं आणि पाकीटबंद चीज दाखवायचं. पाकिटावर नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं असेल तर रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवणारं एन्झाइम) प्राण्याचं की सूक्ष्मजीवांचं ते कळत नाही. अस्सल पार्मिजानो रेजानो तर वासराच्या रेनेटचंच असतं. लपवून विकायचं नाही, हे तुम्ही रीतसर शिकवलंत.

बेकरीत बदली झाली म्हणून सुटलात असं समजू नका. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात प्लॅटरच्या ऑर्डरी आल्या की हाक येणारच. मोजे तुमच्या मापाचे ठेवलेत.

आपली,
काउंटरवरची मंडळी