केराप्पाचा किरण करताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांच्या नावांवर लेख आला होता. नवी नावं गोड आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगडू, धोंडू, केरबा, तिप्पाण्णा ही नावं त्यात ‘अर्थहीन आणि गावंढळ’ म्हणून निकालात काढली, ते मनाला फार लागलं. माझ्या वडिलांचं नाव केराप्पा होतं. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, हजेरीला ही नावं रोज तोंडात असायची.

गेल्या पावसाळ्यात एक जर्मन बाई आमच्याकडे चार दिवस राहिल्या. मराठी कथा त्या जर्मन भाषेत नेतात. एका कथेतल्या दगडूपाशी त्या अडल्या होत्या. नाव तसंच ठेवलं तर तिकडच्या वाचकाला नुसता आवाज. अर्थ लिहिला तर आईबापानं लेकराला दगड का म्हटलं, ते उमगत नाही. त्यांच्या आजीचं नाव गेर्ट्रूड. जुन्या जर्मन भाषेत ‘गेर’ म्हणजे भाला आणि ‘ट्रूड’ म्हणजे ताकद. पण आजीला हाक मारताना भाला कुणालाच ऐकू येत नाही, तो कोशात शोधावा लागतो, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे केरबा म्हटलं की केरच डोळ्यांपुढे येतो. पोरांना लाज वाटते ती त्यामुळेच.

माझी आत्या ८९ वर्षांची आहे. सोप्यात भिंतीला टेकून ती आमचं बोलणं ऐकत होती. “काय लिवालीस गं पोरी?” म्हणाली आणि उठून भिंतीवरचं सूप काढून आणलं. माझ्या वडिलांच्या आधीची तीन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. चौथं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घातलं, परड्यातल्या उकिरड्यावर नेऊन सूप तिरकं केलं आणि बाळाला केरात लोळवलं. मग शेजारणीनं ‘कुणाचं गं हे टाकलेलं?’ म्हणत उचललं आणि ओंजळभर कोंड्यावर आजीला परत विकलं. आत्यानं सूप कसं तिरकं करायचं ते करून दाखवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण बघत नाही, ही त्यामागची आशा. त्या बाईंनी वही मिटली आणि सूप हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसल्या.

त्यांच्याकडे मोल्सवर्थचा मराठी कोश होता, आणि किटेलचा १८९४ सालचा कन्नड कोशही. किटेल जर्मनच, आपल्या शेजारी धारवाडला राहून गेलेला. दोन्ही कोश समोर ठेवून आम्ही गल्लीतली नावं काढली. कन्नडमध्ये ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, म्हणजे तिप्पाण्णा हा आमच्या केरबाचा सख्खा भाऊ. ‘कल्लु’ म्हणजे दगड. कल्लाप्पा कलमेश्वराचा म्हणतात, तेही खरंच, पण त्यात दगडूही आहे. ‘गुंडु’ म्हणजे गोटा, म्हणून गुंडू आणि धोंडू एकाच घरचे. सीमेवर भाषेवरून इतकी वर्षं भांडणं झाली, आणि लेकरू वाचावं म्हणून दोन्हीकडच्या आयांनी एकच युक्ती केली होती! या बाई येईपर्यंत हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

नकुसाची गोष्ट मात्र निराळी. त्या नावात पोर जगावी ही इच्छा नाही, पुढची मुलगी नको एवढंच आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेवर मुलींची ती नावं बदलली, ते योग्यच झालं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितली पाहिजे. आजोबांचं नाव घेतलेला एक केराप्पा पहिलीला आला. मुलं चिडवतील म्हणून बापाला समजावून मी दाखल्यावर ‘किरण’ लिहिलं. पुढे जमिनीच्या उताऱ्यावर केराप्पा आणि शाळेच्या दाखल्यावर किरण, म्हणून त्याला दोन वर्षं अ‍ॅफिडेव्हिट घेऊन हेलपाटे घालावे लागले. हे ऐकून बाई चमकल्याच. त्यांच्याकडे नावावरून मुलगा की मुलगी ते कळावं असा नोंदणी कचेऱ्यांचा आग्रह असे. एका मुलीचं ‘किरण’ हेच नाव अडलं, प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ मध्ये न्यायालयानं ते नाव मान्य केलं. तिकडे एका नावासाठी आईबाप एवढे झगडले, आणि इकडे मी एका मिनिटात खोडून टाकलं.

बाईंनी दगडू तसाच ठेवायचं ठरवलंय. त्याच्या जन्माच्या प्रसंगात त्या अर्धी ओळ घालणार आहेत.

आपल्याला विनंती आहे की पुरवणीत थोडी जागा द्यावी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचकांकडून घरातल्या जुन्या नावांची हकिगत मागवावी. यल्लव्वा, रवळू, भिकाजी, कोंडाबाई, कुणाचंही चालेल. नाव कुणी ठेवलं, त्या वेळी घरात काय घडलं होतं, एवढं चार ओळींत लिहावं. आत्याच्या वयाच्या आमच्या गल्लीत आता दोघीच उरल्या आहेत. वडिलांच्या नावाची हकिगत मी सोबत वेगळ्या कागदावर पाठवते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका