विमानतळाच्या ताळेबंदात इंधनही दिसू द्या

महोदय,

नवी मुंबई विमानतळाविषयीच्या बातम्यांत प्रवासीसंख्या आणि नवी उड्डाणे यांचे आकडे ठळकपणे येतात. मात्र येथून सुटणाऱ्या विमानांत किती इंधन भरले गेले आणि त्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे कुठेच वाचायला मिळत नाही. हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेल्या या विमानतळाची क्षमता पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती ९ कोटींवर जायची आहे. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि गावेच्या गावे उठवून तो उभा राहिला. त्यातून रोजगार मिळेल हे मला मान्य आहे आणि विमानतळाला माझा विरोध नाही. देशभरातही २०१४ मध्ये ७४ असलेली चालू विमानतळांची संख्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली असून २०२४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांचा आकडा १६ कोटींच्या पुढे गेला.

नवी विमाने कमी इंधनात उडतात, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खरेही आहे. १९९० ते २०१९ या काळात जगात दर प्रवासी-किलोमीटरमागे लागणारे इंधन निम्म्याहून कमी झाले. परंतु त्याच काळात वाहतूक सुमारे चौपट झाल्यामुळे एकूण उत्सर्जन जवळपास दुप्पट झाले. इंजिन कितीही सुधारले तरी एक टन विमान इंधन जळले की ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतोच. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे आणि विमानामागे उमटणारे हिमकणांचे पांढरे पट्टे यांचाही उष्णतेवर परिणाम होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या जागतिक उत्सर्जनात सुमारे अडीच टक्के वाटा असलेल्या या क्षेत्राचा तापमानवाढीतील वाटा त्याहून मोठा ठरतो.

हिशेबाची खरी अडचण पुढे आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे इंधन कोणत्याही देशाच्या एकूण उत्सर्जनात धरले जात नाही, त्याची नोंद वेगळी ठेवली जाते. १९९७ च्या क्योटो करारापासून ही जबाबदारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे आहे. तिच्या ‘कोर्सिया’ योजनेत भारत २०२७ पासून सहभागी होत आहे, पण ती योजना २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांवरील उत्सर्जनाची भरपाई (इतरत्र उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांना पैसे देऊन) मागते आणि देशांतर्गत उड्डाणांना लागूच होत नाही. ‘हरित विमानतळ’ म्हणून जे सांगितले जाते, ते सौर वीज आणि विजेवरची वाहने स्वागतार्ह आहेत, पण त्यातून सुधारतो तो इमारतीचा आणि धावपट्टीच्या आवाराचा हिशेब. विमानाच्या टाकीतले इंधन त्यात येत नाही.

शाश्वत इंधनाचा, म्हणजे ऊस, वापरलेले तेल अशा जैविक कच्च्या मालापासून बनवून नेहमीच्या विमान इंधनात मिसळायच्या इंधनाचा, पर्याय पुढे केला जातो. मे २०२३ मध्ये पुणे–दिल्ली विमान असे मिश्रण वापरून उडाले आणि ते इंधन पुण्याच्या कंपनीने बनवले होते, याचा अभिमान वाटतो. तरीही केंद्राचे लक्ष्य आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे आहे. उरलेले ९५ टक्के इंधन पूर्वीचेच राहील. उसावर विसंबून हे प्रमाण वाढवायचे म्हटले, तर मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

जवळच्या अंतरासाठी रेल्वे हा मार्ग आपल्या दारात आहे. ठाणे आणि पनवेल येथे थांबणारी मडगाव वंदे भारत पूर्ण विद्युतीकरण झालेल्या कोकण रेल्वेवरून धावते, पण तो मार्ग बहुतांश एकेरी असल्याने गाड्या वाढवता येत नाहीत. गोव्याला येथून किती विमाने जातात आणि किती इंधन जाळतात हे कळले, तर दुपदरीकरणाची मागणी आकड्यांनिशी करता येईल.

हे आकडे नव्याने गोळा करावे लागणार नाहीत. तेल कंपन्या विमानात भरलेल्या प्रत्येक लिटरचे बिल करतात आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण वाहतुकीचे आकडे दरमहा प्रसिद्ध करतेच. नवी मुंबई वसवणारी राज्य सरकारची कंपनी सिडको या विमानतळात २६ टक्क्यांची भागीदार आहे. २०२६ या पहिल्या पूर्ण वर्षाचे इंधन आणि उत्सर्जन, देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय असे वेगळे दाखवून, जाहीर करण्याचा आग्रह तिने संचालक मंडळात धरावा.

– एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई