गुडघा खेळाडूचा, घाई प्रेक्षकांची

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका शाळेत मी ३१ वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्यातील बहुतेक संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवण्यात गेल्या. मराठवाड्यात फुटबॉलचे वेड क्रिकेटइतके सर्वत्र नाही. पण परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतील काही मोहल्ल्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि आता मोबाइलमुळे तालुक्याच्या गावातला मुलगाही मँचेस्टरच्या किंवा माद्रिदच्या संघासाठी रात्र जागवतो. या मुलांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. एखाद्या खेळाडूचा गुडघा जायबंदी होतो तेव्हा हे प्रेम कसे वागते, त्याविषयी मात्र मला लिहायचे आहे.

२२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी रात्री मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल यांचा सामना आमच्या गल्लीतील पंधरा-वीस मुले एका मित्राच्या गच्चीवरील खोलीत पाहत होती आणि पुतण्याच्या आग्रहामुळे मीही तिथे बसलो होतो. पूर्वार्धात एका कॉर्नरच्या वेळी सिटीचा रॉड्री गुडघा धरून खाली कोसळला. त्याच क्षणी खोलीतील आर्सेनलच्या मुलांनी उड्या मारल्या, एकाने तर शिट्टी वाजवली. सिटीची मुले आधी त्यांच्यावर धावून गेली आणि मग सगळ्यांनी मोबाइल काढून एकच शोध सुरू केला : किती आठवडे बाहेर, पुढचे कोणते सामने हुकणार, परत कधी? एका बाजूला आनंद होता, दुसऱ्या बाजूला हिशेब. पडद्यावर एक माणूस लंगडत बाहेर जात होता, त्याच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. त्याच आठवड्यात, अवघ्या पाच दिवसांपूर्वी, याच रॉड्रीने सांगितले होते की सामन्यांची संख्या इतकी वाढली आहे की खेळाडू संपावर जाण्याच्या बेतात आहेत. पुढे तपासणीत त्याच्या उजव्या गुडघ्यातील एसीएल हा स्नायुबंध फाटल्याचे आणि मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातील कूर्चेच्या गादीलाही इजा झाल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, २८ ऑक्टोबरला, जगातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा बलॉन दोर पुरस्कार घ्यायला तो पॅरिसच्या मंचावर कुबड्या घेऊन आला आणि पुन्हा मैदानात उतरला तो मे २०२५ मध्ये.

एसीएल हा शब्द आता आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी असतो, पण तो नेमका काय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरपे बांधून ठेवणारा हा एक आखूड, चिवट पट्टा आहे. धावताना अचानक थांबलो, दिशा बदलली किंवा उडी मारून एका पायावर उतरलो की नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे काम तो करतो. यातील बहुतेक दुखापती कुणाच्या लाथेने होत नाहीत. पाय जमिनीत रुततो, शरीर वळते, आणि आतून ‘कट्’ असा आवाज येतो. खेळाडू पुष्कळदा हा आवाज स्वतः ऐकतो. काही तासांत गुडघा फुगतो. यानंतरचा भाग फसवा आहे, कारण दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा सरळ रेषेत नीट चालतो, जिनाही चढतो, आणि सगळ्यांना वाटते की बरे झाले. पण पहिल्याच वळणावर गुडघा निसटतो, आणि असा तो जितक्या वेळा निसटेल तितक्या वेळा आतील गादी फाटण्याचा धोका वाढतो.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी एका मुलाच्या पायावरून शिकलो. आंतरशालेय स्पर्धेत आमचा एक बचावपटू वळताना पडला. बाजूला उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, ‘ऊठ, काही झालं नाही, लचकलंय’, आणि मीही त्याला हात धरून उभे केले. सामना आम्ही जिंकला. घरच्यांनी त्याला हाडे बसवणाऱ्याकडे नेले, तेल चोळले, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी विभागीय फेरीला तो पुन्हा मैदानात होता, कारण संघाला, शाळेला आणि त्या सगळ्या ओरडणाऱ्यांना तो हवा होता. दहाव्या मिनिटाला गुडघा पुन्हा निसटला. एमआरआय झाला तेव्हा स्नायुबंधाबरोबर गादीही फाटलेली निघाली. आज तो चाळिशीत आहे, दुकान चालवतो आणि मांडी घालून जेवायला बसू शकत नाही. त्या दिवशी त्याला उभे करणारा हात माझा होता, हे मला रोज आठवते.

म्हणूनच ‘परत कधी?’ हा प्रश्न मला आता निरागस वाटत नाही. एसीएलची पुनर्रचना करताना शल्यचिकित्सक दुर्बिणीच्या साहाय्याने, बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचा, तुकडा घेऊन तो आत बसवतात. त्या तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याचे हळूहळू स्नायुबंधात रूपांतर व्हावे लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमकुवत होतो. बाहेरून गुडघा सुधारलेला दिसतो, आतून तो अजून तयार झालेला नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असे आढळले की नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. म्हणजे सहाव्या महिन्यात ‘तो अजून का खेळत नाही’ म्हणून ओरडणारा चाहता आपल्याच आवडत्या खेळाडूच्या गुडघ्याच्या विरोधात ओरडत असतो.

ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट आमच्या पिढीतील सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात. २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे होते, आणि गुडघ्यावर मात करून परतलेला वीर म्हणून आम्ही त्याला डोक्यावर घेतले. त्याआधीची १२ एप्रिल २००० ची रात्र कुणी सांगत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेला दुखापत झाली होती (ही एसीएलहून वेगळी इजा). पाच महिनेही उलटले नव्हते तेव्हा लाझिओविरुद्धच्या चषक सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सहा-सात मिनिटांत, कुणाचाही धक्का न लागता, तीच कंडरा पूर्ण तुटून तो किंचाळत खाली पडला. २००२ चा पराक्रम ज्या दीड-दोन वर्षांच्या सावकाश, कंटाळवाण्या उपचारांवर उभा होता, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट मुलांना सांगू नये, असे माझे मत आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ब्राझीलच्याच नेमारचा प्रसंग ताजा आहे. २०२३ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातील क्लबांच्या स्पर्धेत, मुंबई सिटी आणि नेमारचा तेव्हाचा संघ, सौदी अरेबियाचा अल हिलाल, एकाच गटात आले आणि नेमार ६ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळणार, या आशेने आमच्याकडील मुलांनी देवगिरी एक्स्प्रेसची आरक्षणे करून ठेवली. १७ ऑक्टोबरला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल आणि मेनिस्कस फाटले. मुलांची निराशा मला समजते. कुणी हॉटेलात काम करून पैसे साठवले होते, कुणी घरी भांडून परवानगी मिळवली होती. पण त्या निराशेतून जे शब्द निघाले, ‘भारतात यायचं नव्हतं म्हणून नाटक’, ‘पैसा मिळाला, आता काय खेळतोय’, ते ऐकून मला फार वाईट वाटले. सामन्याच्या चारच दिवस आधी, २ नोव्हेंबरला, बेलो होरिझोंतेमध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याला पुन्हा मैदानात यायला पूर्ण एक वर्ष लागले आणि परतल्यावर दोन आठवड्यांत मांडीच्या मागच्या स्नायूने त्याला पुन्हा बाहेर बसवले. सामना पाहून आलेल्या मुलांपैकी एकाने नंतर मला विचारले, ‘सर, इतकं दुखतं का हो?’ त्या मुलाचा मला अभिमान वाटतो.

मुलींच्या बाबतीत आपली प्रतिक्रिया आणखी निराळी आणि आणखी घातक असते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा गुडघा जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर गेला. ती सुमारे दहा महिन्यांनी परतली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये विश्वविजेत्या संघात होती. आपल्याकडे मोठ्या कष्टाने घराबाहेर पडलेली एखादी मुलगी मैदानावर पडली की ‘तरी म्हटलं होतं’ हे वाक्य दवाखान्याच्या आधी येते. पाय बरा होतो की नाही यापेक्षा लग्नाची चिंता मोठी होते, तपासणी गुपचूप होते किंवा होतच नाही, आणि खेळ कायमचा सुटतो. माझ्या ओळखीच्या दोन मुलींचा असा सुटला. त्यांच्यापैकी एकीला तर गुडघा वाचवण्यासाठी कोणते व्यायाम करावेत, हेदेखील कुणी सांगितले नव्हते.

व्यायामांचा विषय निघाला म्हणून सांगतो. फिफाने प्रसारित केलेला ‘११ प्लस’ नावाचा सरावपूर्व व्यायामक्रम साधारण २० मिनिटांचा आहे, त्याला चेंडू आणि मोकळी जागा याखेरीज फारसे काही लागत नाही, आणि तो नियमितपणे करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे सिद्ध झाले आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, असे साधे प्रकार त्यात आहेत. आपल्या काळ्या मातीच्या मैदानांवर त्याची गरज अधिक आहे असे मला वाटते. पावसाळ्यात त्यांत बूट रुततात आणि उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो. तरीही निमंत्रित चषकांच्या स्पर्धांत मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे फेटे यांवर खर्च होतो, स्ट्रेचर आणि बर्फाची पेटी मात्र नसते. अनेक ठिकाणी मी हे पाहिले आहे आणि आयोजकांना सांगितलेही आहे.

तेव्हा माझी आपल्या वाचकांना, विशेषतः मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्यांना, विनंती आहे की कुणी पडला की ‘ऊठ’ म्हणू नये. त्याला उभे करून चालायला लावू नये, गुडघा ओढू अथवा चोळू नये. बर्फ लावावा, आधार देऊन बाहेर न्यावे आणि सूज आली असेल तर ती उतरल्यानंतरही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय खेळू देऊ नये. पडलेला खेळाडू प्रतिस्पर्धी संघाचा असेल तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, त्याच्या पडण्यासाठी नव्हे.

आपल्या क्रीडापानालाही एक विनंती आहे. खेळाडूच्या गुडघ्याची बातमी देताना ‘कारकीर्द धोक्यात?’ किंवा ‘अमुक सामन्याला मुकणार’ एवढ्यावर न थांबता ती इजा काय असते, उपचार किती काळ चालतात आणि घाई का करू नये, हे चार ओळींत जरूर छापावे. आमची मुले वर्गात डुलक्या घेतात, पण क्रीडापान शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वर सांगितलेला व्यायामक्रम आपण मराठीत चित्रांसह प्रसिद्ध केलात, तर त्याच्या प्रती काढून परभणी जिल्ह्यातील शाळांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी स्वतः करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
परभणी