एअर रायफलचे किट बसवले, पण उरलेल्या भागांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्प्रिंगच्या एअर रायफलमधील स्प्रिंग काढून तिच्या जागी गॅस रॅम (वायूच्या दाबावर चालणारे नळकांडे) बसवण्याचे किट आता ऑनलाइन सहज मिळते. परंतु काम पूर्ण झाल्यावर जुन्या रायफलचे कोणते भाग बाहेर उरायला हवेत, हे सांगणारा साधा कागदही मला मिळालेल्या किटमध्ये नव्हता. 4.5 मिलिमीटरच्या, नळी मोडून (खाली वाकवून) छर्रा भरायच्या रायफलवर मी नुकतेच असे पहिले काम केले आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न इतर नवख्यांनाही पडत असावा, म्हणून हे पत्र. (काडतुसाच्या बंदुकीविषयी येथे काहीही म्हणायचे नाही, तिची परवान्याविना दुरुस्ती किंवा फेरबदल करण्यास 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नेच मनाई आहे.)

रायफल पुन्हा जुळवून झाली, चाप नीट चालू लागला, तरी टेबलावर चार वस्तू शिल्लक होत्या: मूळ स्प्रिंग, तिच्या आतून जाणारी दांडी, पिस्टनच्या (हवा दाबून छर्रा ढकलणाऱ्या भागाच्या) पोकळीत स्प्रिंगच्या तोंडाशी बसणारी पोलादी टोपी आणि एक पातळ वायसर. पहिल्या तिघांचा उलगडा विचारांती होतो. स्प्रिंग दबताना वाकू नये म्हणून आतली दांडी असते. टोपी स्प्रिंगच्या टोकाला बैठक देते आणि पिस्टनचे वजनही थोडे वाढवते. गॅस रॅम हे दाबाखालचा वायू कोंडलेले बंद नळकांडे असून त्याचा दांडा स्वतःच सरळ रेषेत सरकतो, त्यामुळे स्प्रिंगच गेली म्हणजे तिच्या या सोबत्यांचे काम संपते. मात्र हे माझ्या किटपुरते खरे आहे. काही रचनांमध्ये रॅमला टेकू देण्यासाठी जुनाच एखादा भाग वापरावा लागतो, म्हणून एकाने ‘हा भाग फेकून द्या’ असे सांगितले तरी दुसऱ्याच्या रायफलला ते लागू पडेलच असे नाही.

खरी अडचण होती ती वायसरची. या प्रकारच्या रायफलमध्ये वायसर निदान तीन ठिकाणी सापडू शकतो. स्प्रिंगला आधीच थोडा अधिक ताण मिळावा म्हणून तिच्या टोकाशी एखादा घातलेला असतो; नळी ज्या बोल्टवर मोडते त्याच्या दोन्ही अंगांना पातळ चकत्या असतात; आणि लाकडी दस्ता धरून ठेवणाऱ्या स्क्रूंखाली दातेरी वायसर असतात. यांपैकी पहिला उरला तर काहीच बिघडत नाही. तिसरा विसरला तर धक्क्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतात, पण तो दातांवरून लगेच ओळखू येतो. मधला विसरला तर नळीला आडवा खेळ (ढिलेपणा) येतो, ती दर वेळी किंचित वेगळ्या जागी बंद होते आणि नेम धरणारा बिचारा आपल्याच श्वासाला दोष देत बसतो.

वर्नियरने मोजल्यावर या वायसरचा बाहेरचा व्यास स्प्रिंगच्या व्यासाइतका भरला आणि त्याचे भोक नळीच्या बोल्टाला फारच मोठे ठरले, तेव्हा तो पहिल्या प्रकारचा असल्याची खात्री झाली. नळी बंद करून तिचे टोक डावी-उजवीकडे ढकलून पाहिले, त्यातही खेळ आढळला नाही. ही शहानिशा करण्याआधी एका फिटरला विचारले असता ‘रायफल चालते ना, मग झाले’ असे उत्तर मिळाले होते. ते मला पटत नाही. नळीच्या बोल्टाजवळची चकती नसतानाही रायफल चालतच राहते, छर्रा फक्त भलतीकडे जातो; तेव्हा चालणे हा उरलेला भाग निरुपयोगी असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट ऊर्जेची आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. सुमारे 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 250 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साडेसोळा जूलच्या आसपास राहते. तोच वेग 275 मीटरवर गेला की 20 जूलची रेषा गाठली जाते. म्हणजे अधिक दाबाचा रॅम बसवणारा नवखा मनुष्य, केवळ वेगाच्या हौसेपायी आणि कोणताही दुष्ट हेतू नसताना, परवाना लागणाऱ्या शस्त्राचा धनी होऊ शकतो. वेग मोजणारा क्रोनोग्राफ घरोघरी नसतो. शिवाय जुळवणीच्या वेळी पिस्टनच्या पुढे राहिलेले तेल किंवा ग्रीस दाबाने पेट घेते, त्यामुळे सुरुवातीचे काही बार खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतात; ते सोडून नंतरचे आकडे धरायचे असतात, हेही नवख्याला कोणी सांगत नाही.

माझी सूचना दोन गोष्टींपुरती आहे. किट विकणाऱ्यांनी आत एक आकृती द्यावी आणि तिच्यावर ‘हे भाग परत बसतात’ व ‘हे भाग उरतात’ असे स्पष्ट दाखवावे. तसेच कोणत्या मॉडेलमध्ये किती ग्रॅमच्या छर्ऱ्याला किती जूल मिळतात, ते खोक्यावर छापावे. त्याच कागदावर एक इशाराही असावा. रायफल भरलेली नसतानाही आतली स्प्रिंग बरीच दबलेली असते आणि स्प्रिंग दाबून धरणारे साधन (कॉम्प्रेसर) न लावता मागची पिन काढली तर ती डोळ्याशी येऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वीच मला हे ठाऊक होते, कारण मी एका जाणकाराला आधी विचारले होते. ज्याच्या ओळखीत असा कोणी नाही, त्याने काय करावे?

उरलेले चारही भाग मी पिशवीत घालून, रायफलच्या मॉडेलची चिठ्ठी लावून ठेवले आहेत. रॅमचे सील गळू लागले तर तो घरी पुन्हा भरता येत नाही आणि नवा मिळेपर्यंत जुनी स्प्रिंग, दांडी, टोपी व वायसर यांवरच काम भागवावे लागेल. नेमबाजीच्या क्लबांनी महिन्यातून एक दिवस क्रोनोग्राफ लावून अशा बदललेल्या रायफली तपासून दिल्या, तर कदाचित किट विकणाऱ्यांच्या आधी तेच आमच्या मदतीला येतील.

आपला,
एक वाचक, मिरज