भरलेल्या खाणीची जमीन खचते आहे

महोदय,

कोळसा खाणीचा खड्डा भरून वर झाडे लावली, की जमीन पूर्ववत झाली असे कागदोपत्री ठरते. हे चुकीचे आहे. भराव म्हणजे फोडलेला खडक आणि माती. तो वर्षानुवर्षे दबत राहतो. त्यात पाणी मुरले, की खडकाचे तुकडे ठिसूळ होऊन सरकतात, जमीन कुठे कमी तर कुठे जास्त खचते आणि भेगा पडतात. भेगांतून शिरलेले पावसाचे पाणी माती आतून वाहून नेते. वर गवत हिरवेगार, खाली पोकळी! अशा ठिकाणी घरे बांधू देणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. आधी पाण्याचा निचरा करा, मगच झाडे लावा. खचण्याची मोजणी खाण बंद झाल्यावरही चालू राहिली पाहिजे आणि त्याचा खर्च खाणमालकाकडून आधीच अनामत म्हणून घ्यावा.

– एक वाचक