बोअरचे पाणी आणि गाडीचे पॅकिंग

लातूर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. गाडी दुरुस्त झाल्याचे मी फोनवर सांगितलेच होते, परंतु ती नेमकी कशामुळे बिघडली हे फोनवर नीट सांगता आले नाही आणि बाबांनी "मग कार्ब्युरेटर बदलला की नाही?" असे दोनदा विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या त्या कार्ब्युरेटरला काहीही झालेले नव्हते.

तुम्ही गाडी माझ्याकडे दिलीत तेव्हापासून ती सिग्नलला थांबली की थरथरत असे, बॉनेट उघडल्यावर बारीक सूं असा आवाज येत असे, आणि रेडिएटरमधले पाणी आठवड्याला पेलाभर कमी होत असूनही खाली जमिनीवर एक थेंबही दिसत नसे. येथील एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर बदलण्याचा सल्ला मिळाला, पण पाणी जाते कोठे या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. मग मी इंजिन चालू ठेवून, इनटेक मॅनिफोल्ड (फाटे फुटलेली एक नळी) इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, जिथे जोडलेला असतो त्या सांध्यावर पिचकारीने थोडे साबणाचे पाणी सोडले. एका ठिकाणी ते क्षणात आत ओढले गेले आणि इंजिनचा आवाज बदलला.

आई, शेतात दंडाचे पाणी जसे वाफ्यावाफ्याला वाटले जाते, तसा हा मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरमधून आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण आपल्या मारुती ८०० च्या तिन्ही सिलिंडरांना वाटून देतो. त्याच्या आणि हेडच्या मध्ये जे पातळ गॅस्केट असते, त्यालाच आपले मिस्त्री पॅकिंग म्हणतात. इंजिन नुसते चालू असताना मॅनिफोल्डच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे पॅकिंग कोठे उघडले की बाहेरची हवा आत घुसते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले की गाडी थरथरणारच. शिवाय आपल्या गाडीत इंजिनचे गरम पाणीही याच मॅनिफोल्डमधल्या वेगळ्या वाटेने फिरते, आणि त्या वाटेजवळचे पॅकिंग गेल्यामुळे ते पाणी थोडे थोडे सिलिंडरमध्ये ओढले जाऊन वाफ होऊन निघून जात होते.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मी कामाला सुरुवात केली. प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधली आणि फोटो काढून ठेवले. खालचे नट हाताला सहज लागत नाहीत, त्यांतच दोन तास गेले. मॅनिफोल्ड सुटल्यावर हेडच्या उघड्या भोकांत आईच्या जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले, कारण खरवडलेला एखादा कण आत पडला तर सिलिंडरच खराब होतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते, म्हणून लोखंडी पाते न वापरता प्लॅस्टिकच्या पट्टीने जुने पॅकिंग हळूहळू काढले.

आणि बाबा, तेथे मला जे दिसले त्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. पाण्याच्या वाटेभोवती आपल्या बंबात आतून धरते तसे पांढरे खापरीसारखे पुट होते आणि त्याच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडले होते. आपल्या भागातले बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि पाणी तापले की त्यांचा थर धातूवर बसतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये घालायचा जो कूलंट मिळतो, त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात, ती साध्या पाण्यात नसतात. तुम्ही रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचेच पाणी घातलेत, यात तुमची काही चूक आहे असे मी मुळीच मानत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा प्यायच्या घागरीची चिंता असताना रेडिएटरसाठी निराळे पाणी कोण आणणार होते? तशा दिवसांतही तुम्ही गाडी कधी कोरडी पळवली नाहीत, म्हणूनच तिचे इंजिन आजही शाबूत आहे.

खड्डे वरवरचे निघाले. सरळ पट्टी ठेवून ०.१ मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायचे पातळ पाते) घालून पाहिले, ते कोठेही आत गेले नाही. गेले असते तर मशीनवर पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागला असता. नवे पॅकिंग बसवून नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) सुमारे २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. एकाच बाजूने घट्ट आवळत गेले तर नवे पॅकिंगही वाकडे बसून पुन्हा गळते. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे त्यात पाणी उतरलेले नव्हते, तेव्हा मला फार बरे वाटले. नंतर कूलंट आणि बॅटरीत घालायचे क्षार नसलेले शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून भरले आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली. आता गाडी उभी असताना थरथरत नाही, आणि दहा दिवसांत पाण्याची पातळी जराही उतरलेली नाही.

येत्या शनिवारी गाडी घेऊन येते. सोबत मिसळून तयार केलेल्या कूलंटचा कॅन आणत आहे; पातळी कमी दिसली तर, इंजिन थंड असतानाच, त्यातलेच घालावे. आई, तो कॅन गोठ्याजवळ ठेवू नकोस. कूलंट चवीला गोड असते, पण ते विषारी असल्याने सांडलेले जनावराने किंवा कुत्र्याने चाटले तर ते दगावू शकते. कपाटावरच्या फळीवर, बाबांच्या पान्यांच्या पेटीशेजारी, जागा करून ठेव.

तुमची लेक