कोयत्याच्या हिशेबात नसलेले मूल

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. देशाची अर्थव्यवस्था अशीच झपाट्याने वाढत राहिली तर बालमजुरी आपोआप संपेल, हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही. 2001 च्या जनगणनेत 5 ते 14 वयोगटातली सुमारे 1 कोटी 26 लाख मुले कामावर आढळली आणि 2011 मध्ये 1 कोटी 1 लाख. मधली वर्षे वेगवान वाढीची होती, हे खरे. पण याच दशकात शाळांमधून शिजवलेले अन्न मिळू लागले आणि 2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, तेव्हा घटीचे सगळे श्रेय वाढीला देऊ नकोस. उरलेल्यांपैकी कित्येक मुले तर त्या वाढीच्या आतच राबत होती.

ऊसतोडीचेच पाहा. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, त्यांनी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर मिळते आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. अशा वेळी दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक उरकते, म्हणून आई पहाटेच फडात जाऊ शकते. भाऊ तिकडे मोळ्या पुढे करतो, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधतो. साखरेच्या प्रत्येक पोत्यात या दोघांचे श्रम असतात, हिशेबाच्या वहीत मात्र त्यांचे नाव कुठेच नसते. कारखान्याचे गाळप वाढले म्हणून हा हिशेब बदलत नाही. उलट हंगाम लांबला की शाळेचे आणखी दिवस बुडतात.

कायद्याचेही तू लिहिले आहेस. बालमजुरीविरोधी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण घरच्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली. तोडला जाणारा ऊस त्या कुटुंबाचा नसतो, त्यामुळे ही मुभा तिथे लागू होऊ नये. तरी ‘आईबापाला हातभार लावतो’ एवढे म्हटले की विषय मिटतो. मला तर ही मुभा मुळातच अन्यायाची वाटते, कारण गरिबाघरचे काम शाळा सुटण्याची वाट पाहत थांबत नाही.

गावातले हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले आणि तिथे दोन वेळचे जेवण नीट मिळाले, तर आईबाप मुलांना मागे ठेवायला तयार होतात. वाढीतून सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा तिथवर पोचतो का, हे तपासायला हवे. तुझ्या प्रबंधात विकासदराच्या तक्त्याशेजारी टनामागचा मजुरीदर आणि उचलीची बाकी यांचेही तक्ते घाल, आणि त्यानंतर तुझे मत काय होते ते मला सविस्तर कळव.

तुझे,
बाबा